बॉडी घ्यावी लेन्स बघून

डिजिटल कॅमेऱ्याची बॉडी आणि तिच्यावरची लेन्स एकाच दिवशी घरात आल्या असल्या, तरी दोघींचं वय सारख्या वेगाने वाढत नाही. २००८ साली बाजारात आलेला निकॉनचा डी९० घ्या. हौशी छायाचित्रकारांनी तो डोक्यावर घेतला होता. व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर हा मानही त्याचाच. आज मात्र त्याचा १२ मेगापिक्सेलचा सेन्सर, ३२०० वर थांबणारा नेहमीचा आयएसओ आणि फोकसचे अकरा बिंदू अपुरे पडतात. दिवेलागणीच्या वेळी किंवा लग्नाच्या हॉलमध्ये फोटो काढले की सावल्यांमध्ये दाणे दिसायला लागतात आणि रंग मळकट होतात. त्याच बॅगेतली ५० मिलिमीटर एफ/१.८ची लेन्स पहिल्या दिवशी जशी प्रतिमा उमटवत होती, तशीच आजही उमटवते. बुरशी लागली नसेल, फोकसची रिंग ढिली झाली नसेल, अ‍ॅपर्चरची पाती तेलकट झाली नसतील, तर लेन्समध्ये जुनं होण्यासारखं फार थोडं असतं. सेन्सर आणि प्रोसेसर यांचं तंत्रज्ञान दर चार-पाच वर्षांनी पुढे जातं. घासून आकार दिलेली काच एवढ्या वेगाने मागे पडत नाही. शिवाय चार लेन्सेसची बॅग असेल, तर त्या लेन्सेसवर खर्च झालेली रक्कम बहुतेक वेळा बॉडीपेक्षा कितीतरी जास्त असते.

असं असूनही कॅमेरा बदलायची वेळ आली की विचारलं जातं ते एवढंच, की सध्या चांगला कॅमेरा कुठला. ज्याच्याकडे एकही लेन्स नाही त्याच्यासाठी हा प्रश्न बरोबर आहे. ज्याच्याकडे आधीच लेन्सेस आहेत त्याने तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवायला हवा. पहिला प्रश्न असा, की माझ्या प्रत्येक लेन्सला काम करण्यासाठी बॉडीकडून काय काय लागतं आणि नवी बॉडी त्यातलं काय काय देते. दुकानात याचं उत्तर एका वाक्यात मिळतं. 'माउंट तेच आहे, बसेल', किंवा 'अ‍ॅडॅप्टर घ्या, सगळ्या लेन्सेस चालतील'. या दोन्ही वाक्यांत 'बसणं' आणि 'चालणं' यांची गल्लत आहे. लेन्स बॉडीवर घट्ट बसली, फिरवल्यावर 'खट्' असा आवाज आला, म्हणजे ती पूर्वीसारखी काम करेल असं नाही. या फरकापायी अनेकांचे पैसे चुकीच्या ठिकाणी जातात.

हे नीट कळायचं तर निकॉनची ५० मिलिमीटर एफ/१.८डी ही लेन्स उलटी करून पाहावी. स्वस्त, हलकी आणि उत्तम असल्यामुळे ती आपल्याकडे असंख्य बॅगांमध्ये आहे. मागच्या धातूच्या कड्यावर एका बाजूला सोनेरी रंगाचे बारीक ठिपके रांगेत दिसतील. ते विद्युत संपर्काचे बिंदू. लेन्स आपली ओळख आणि फोकस किती अंतरावर आहे ही माहिती त्यांच्यातून बॉडीला कळवते. कड्यातच एक छोटा खाचेचा स्क्रू बसवलेला असतो. बॉडीच्या माउंटमधून बाहेर आलेलं पेचकसासारखं टोक या खाचेत बसतं. बॉडीतली मोटर ते टोक फिरवते, तेव्हा लेन्सच्या आतली काच पुढे-मागे सरकते आणि फोकस होतो. आतल्या बाजूला एक बारीक दांडा असतो. तो बोटाने सरकवला की अ‍ॅपर्चरची पाती उघडतात. बाहेरच्या अंगावर अ‍ॅपर्चरची रिंग आहे. तिच्यावरचा २२ हा आकडा नारिंगी रंगाचा असतो आणि त्याच्यापाशी रिंग अडकवायचं छोटं कुलूपही असतं. ठिपके, स्क्रू, दांडा आणि रिंग या चारही गोष्टी म्हणजे लेन्सने बॉडीकडे केलेल्या मागण्या आहेत. डी९० या लेन्सला लागणारं सगळं पुरवतो. दुसरी बॉडी त्यातलं एखादं पुरवणार नाही, आणि तरीही लेन्स तिच्यावर छान बसेल.

या मागण्या एकाच दिवशी ठरलेल्या नाहीत. निकॉनने १९५९ साली 'निकॉन एफ' या कॅमेऱ्याबरोबर एफ माउंट आणलं आणि पुढे सहा दशकं त्याचा बाहेरचा आकार बदलला नाही. आत मात्र बरंच काही बदलत गेलं. १९७७ साली एआय पद्धत आली. अ‍ॅपर्चरच्या रिंगची जागा बॉडीवरच्या एका खुंटीला समजायला लागली. १९८६च्या एफ-५०१ मध्ये ऑटोफोकस आला तेव्हा मोटर बॉडीत ठेवायची असं ठरलं. मग १९९०च्या दशकात मोटर लेन्समध्येच असलेल्या लेन्सेस आल्या. त्यांतल्या एएफ-एस मालिकेची सुरुवात १९९६ची. पुढे अ‍ॅपर्चरची रिंग गेली. म्हणजे एफ माउंटचं नाव एक असलं तरी त्याच्या पोटात चार-पाच पिढ्यांचे करार आहेत, आणि प्रत्येक बॉडी सगळे करार पाळत नाही. २००६च्या डी४० मध्ये किंमत आणि आकार कमी करण्यासाठी बॉडीतली मोटर काढून टाकली गेली. डी३००० आणि डी५००० या मालिकांतही ती नाही. या बॉडींवर ५० मिलिमीटर एफ/१.८डी बसते, प्रकाशमापनही होतं, पण फोकस हातानेच करावा लागतो.

निकॉनने ऑटोफोकस आणला नेमक्या त्याच काळात कॅननने उलटा रस्ता धरला होता. १९८७ साली ईओएस ६५० बरोबर ईएफ माउंट आणताना कंपनीने आपलं जुनं एफडी माउंट सोडून दिलं. एफडी लेन्सेस घेतलेल्या छायाचित्रकारांवर तो मोठा अन्याय होता. नव्या बॉडीवर त्यांची लेन्स बसतच नव्हती. पण ईएफ माउंटमध्ये बॉडी आणि लेन्स यांच्यात एकही यांत्रिक दांडा किंवा फिरता स्क्रू ठेवला नाही. फोकसची मोटर लेन्समध्ये, अ‍ॅपर्चर उघडझाप करणारी मोटरही लेन्समध्ये, आणि बॉडीने फक्त वीज व सूचना पाठवायच्या. त्याचं फळ तीस वर्षांनी मिळालं. २०१८ साली कॅननने आरएफ माउंटचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा काढला, तेव्हा ईएफ लेन्ससाठी लागणारा अ‍ॅडॅप्टर म्हणजे आत काच नसलेली, दोन्ही टोकांना संपर्काचे बिंदू असलेली एक साधी नळी होती. १९८७ नंतरची कॅननची ईएफ लेन्स तिच्यावर ऑटोफोकस, अ‍ॅपर्चर आणि मापन यांच्यासह चालते. २०१८ सालीच निकॉननेही झेड माउंट आणलं आणि जुन्या लेन्ससाठी एफटीझेड नावाचा अ‍ॅडॅप्टर दिला. त्यात अ‍ॅपर्चरचा दांडा हलवणारी यंत्रणा आहे, पण फोकसचा स्क्रू फिरवणारी मोटर नाही. २०२१च्या दुसऱ्या आवृत्तीतही ती आलेली नाही. म्हणून एएफ-एस लेन्स झेडवर छान चालते आणि स्क्रूने फोकस होणारी एएफ-डी लेन्स फक्त हाताने फोकस करायची लेन्स बनते. ज्या कंपनीने माउंट टिकवलं तिच्या ग्राहकांना ऑटोफोकस गमवावा लागला, आणि ज्या कंपनीने माउंट मोडलं तिचे नंतरचे ग्राहक सुरक्षित राहिले. माउंटच्या नावावर विसंबून निर्णय घेऊ नये, याला यापेक्षा चांगला पुरावा मला सापडत नाही.

अ‍ॅडॅप्टरमध्ये अशी मोटर बसवणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य होतं असंही नाही. मिनोल्टाने १९८५ साली आपल्या ऑटोफोकस कॅमेऱ्यात मोटर बॉडीतच ठेवली होती. २००६ साली ते माउंट सोनीकडे गेलं आणि सोनीने २०२० साली ए माउंटच्या लेन्ससाठी काढलेल्या एलए-ईए५ या अ‍ॅडॅप्टरमध्ये स्क्रू फिरवणारी मोटर बसवून दाखवली. काही ठरावीक सोनी बॉडींवर ती जुन्या मिनोल्टा लेन्सचाही ऑटोफोकस चालवते. पेन्टॅक्सवाल्यांचा प्रश्न त्याहून सोपा आहे. १९७५पासूनचं के माउंट आजही डीएसएलआरवर आहे, आणि बॉडीत असलेली हलणं रोखणारी यंत्रणा जुन्या लेन्सलाही उपयोगी पडते. त्यांनी के माउंटचीच नवी बॉडी घ्यावी.

आता डी९०वाल्याकडे परत येऊ. बॅगेत एएफ-डी लेन्सेस असतील, म्हणजे ५० एफ/१.८, ८५ एफ/१.८, ६० मिलिमीटर मायक्रो किंवा लग्नाचे फोटो काढणाऱ्यांची आवडती ८०-२०० एफ/२.८, तर माझं स्पष्ट मत आहे की त्याने चांगल्या अवस्थेतला वापरलेला डी७२०० किंवा डी७५० शोधावा. डी७२०० हा २०१५चा कॅमेरा. २४ मेगापिक्सेल, फोकसचे ५१ बिंदू, २५६०० पर्यंत आयएसओ, बॉडीत मोटर आणि एआय लेन्सची रिंग ओळखणारी खुंटी, हे सगळं त्याच्यात आहे. हाताने फोकस करायच्या जुन्या एआय लेन्सवर डी९० प्रकाशमापन करत नाही. डी७२०० करतो, फक्त लेन्सची माहिती आधी मेनूत भरून ठेवावी लागते. म्हणजे इथे नवी बॉडी जुन्या लेन्सला पूर्वीपेक्षा जास्त काही देते. नव्याचा आकडा मोठा म्हणून २०१७चा डी७५०० घेतला, तर ती खुंटी नाही आणि एआय लेन्सवर मापन बंद. १९७७ पूर्वीच्या, रिंग न बदललेल्या लेन्सच्या बाबतीत मात्र सावध राहावं. तशी लेन्स डी७२०० वर जोर लावून बसवली तर हीच खुंटी मोडू शकते.

बॅगेत डी९०बरोबर आलेली १८-१०५ आणि एखादी एएफ-एस टेलिझूम एवढंच असेल, तर हिशेब बदलतो. त्यांची मोटर त्यांच्याच पोटात आहे, त्यामुळे एफटीझेड लावून झेड मालिकेकडे जायला हरकत नाही. तिथेही एक अट आहेच. १८-१०५ ही डीएक्स लेन्स, म्हणजे लहान सेन्सरसाठी बनवलेली. पूर्ण फ्रेमच्या झेड६ वर ती लावली की कॅमेरा सेन्सरचा मधला भागच वापरतो आणि २४ मेगापिक्सेलपैकी साधारण १० उरतात. डी९०पेक्षाही कमी. एवढा खर्च करून हाती हे यावं असं कुणालाच वाटणार नाही. अशा माणसाने झेड५० सारखी डीएक्स बॉडी घ्यावी किंवा ती झूम विकून टाकावी. कॅननच्या ४००डी किंवा तशा जुन्या कॅमेऱ्याच्या मालकाचंही असंच आहे. ईएफ लेन्सची काळजी नको, पण ईएफ-एस लेन्सेस जास्त असतील तर आर१० किंवा आर७ सारखी लहान सेन्सरची बॉडी शोभते.

फिल्मच्या काळातल्या, पूर्णपणे हाताने चालणाऱ्या लेन्सेस ज्यांच्याकडे आहेत त्यांना मात्र मी बिनदिक्कत मिररलेस सुचवेन. कारण भूमितीत आहे. उन्हात भिंग धरून कागद जाळताना भिंग आणि कागद यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं, तसं प्रत्येक माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. निकॉन एफमध्ये ते ४६.५ मिलिमीटर आहे, कॅनन ईएफमध्ये ४४, जुन्या कॅनन एफडीमध्ये ४२. डीएसएलआरमध्ये आरशाला जागा लागते म्हणून ते एवढं मोठं. आरसा गेल्यावर सोनी ई माउंटमध्ये ते १८, कॅनन आरएफमध्ये २० आणि निकॉन झेडमध्ये १६ मिलिमीटरवर आलं. उरलेलं अंतर रिकाम्या नळीने भरून काढता येतं. म्हणून जवळजवळ कुठलीही जुनी लेन्स मिररलेसवर अनंतापर्यंत फोकस होते. उलट दिशेने हे जमत नाही, कारण जास्त असलेलं अंतर नळी लावून कमी करता येत नाही. कॅननने १९८७ साली पोरक्या केलेल्या एफडी लेन्सेस डीएसएलआरच्या सगळ्या काळात कपाटात पडून होत्या, कारण ४२ची लेन्स ४४च्या बॉडीवर मध्ये काच घातल्याशिवाय लांबचं दृश्य स्पष्ट देत नाही. मिररलेसने त्यांना पुन्हा कामाला लावलं. त्यातच इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य मोठं करून पाहता येतं आणि फोकसमध्ये आलेल्या कडा रंगीत करून दाखवता येतात. डीएसएलआरचा काचेचा पडदा ऑटोफोकससाठी बनवलेला असतो. त्याच्यावर एफ/१.४ ची लेन्स डोळ्याने अचूक फोकस करणं फार कठीण. ज्या लेन्सचा ऑटोफोकस जायचाच नाही, कारण तो कधी नव्हताच, तिला मिररलेसवर फक्त फायदाच होतो.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की १२ मेगापिक्सेलसाठी ठीक असलेली जुनी लेन्स २४ मेगापिक्सेलला पुरणार नाही. हा समज इतका पसरलेला आहे की नव्या बॉडीसाठी नवी लेन्स घेणं अनेकांना सक्तीचंच वाटतं. आधी आकडा पाहू. डी९०चा फोटो आडवा ४२८८ पिक्सेलचा, डी७२००चा ६००० पिक्सेलचा. मेगापिक्सेल दुप्पट झाले तरी रुंदीच्या दिशेने वाढ ४० टक्क्यांचीच आहे. दुसरं, लेन्स आणि सेन्सर यांच्यात कमकुवत असेल तो दुसऱ्याला पूर्ण अडवून धरतो असं होत नाही. दोघांच्या तपशील पोहोचवण्याच्या क्षमता एकमेकींशी गुणल्या जातात. समजा, कापडाच्या बारीक विणीतला काळ्या-पांढऱ्याचा फरक लेन्स ६० टक्के पोहोचवते आणि जुना सेन्सर त्यातला निम्मा टिपतो, म्हणजे फोटोत ३० टक्के उतरला. नवा सेन्सर ८० टक्के टिपत असेल तर त्याच लेन्समधून ४८ टक्के उतरेल. लेन्स तीच, फोटो जास्त स्पष्ट. नवी लेन्स घेतली तर तो आणखी स्पष्ट होईल हे खरं, पण जुनी लेन्स नव्या सेन्सरवर आधीपेक्षा वाईट काम करते हे खरं नाही. तसं वाटतं ते आपण दोन्ही फोटो पडद्यावर शंभर टक्के मोठे करून पाहतो म्हणून. मोठ्या फोटोचा एक पिक्सेल मूळ दृश्याचा लहान तुकडा दाखवतो, त्यामुळे दोष मोठे झालेले दिसतात. दोन्ही फोटो एकाच मापाचे छापा आणि शेजारी ठेवा. मग नवा सेन्सर काय देतो ते दिसतं.

तरी जुन्या लेन्सचे काही दोष डिजिटलमध्ये उघडे पडतात आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. सेन्सरवरची काच फिल्मपेक्षा जास्त चकाकते. तिच्यावरून परतलेला प्रकाश लेन्सच्या मागच्या काचेवर आपटून पुन्हा आत येतो, आणि जुन्या लेन्समध्ये त्या काचेवर आजच्यासारखा थर नसतो. समोरून ऊन असलं की फोटो धुरकट होतो किंवा मध्यभागी फिकट डाग येतो. हूड लावून हे कमी होतं, जात नाही. दुसरा दोष कडांचा. डीएक्स बॉडीवर पूर्ण फ्रेमच्या लेन्सचा उत्तम असा मधला भागच वापरला जात होता. पूर्ण फ्रेमच्या डी७५०वर गेल्यावर त्याच लेन्सचे कोपरे पहिल्यांदाच दिसतात, आणि एफ/१.८ वर ते मऊ आणि काळसर असतात. पाच-साडेपाचपर्यंत अ‍ॅपर्चर बारीक केलं की बहुतेक प्राइम लेन्सेस सुधारतात. कडांवरची जांभळी-हिरवी रेघ काढून टाकायचं काम तर जेपीईजीत आता कॅमेराच करतो. स्वस्तातली किट झूम मात्र वाचवण्यासारखी नसते. जपायची ती चांगली प्राइम, मायक्रो आणि एफ/२.८ची झूम.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. डीएसएलआर संपत आलेत, मग मेलेल्या वाटेवर पैसे का घालायचे? निकॉनचे शेवटचे नवे डीएसएलआर, डी६ आणि डी७८०, २०२० साली आले आणि त्यानंतर तिथे काही नवं आलेलं नाही, हे मान्य. पण वापरलेला डी७२०० घेणारा माणूस नव्या लेन्सेसच्या भविष्यात गुंतवणूक करत नाही. त्याच्या लेन्सेस त्याच्याकडे आहेत. त्याला आणखी काही वर्षं त्या पूर्ण क्षमतेने वापरायच्या आहेत. त्या काळात लागणारी बॅटरी मिळेल का? डी७२०० आणि डी७५० ज्या ईएन-ईएल१५ घराण्याची बॅटरी वापरतात, त्याच घराण्याची नवी आवृत्ती झेड मालिकेतल्या अनेक कॅमेऱ्यांत आहे आणि ती या जुन्या बॉडींतही चालते. एसडी कार्डं सगळीकडे मिळतात. खरा धोका शटरचा आणि सुट्या भागांचा. डी७२००चं शटर दीड लाख वेळा चालवून तपासलेलं आहे, म्हणून विकत घेताना शटर काउंट बघणं अटळ आहे. लग्नाच्या धंद्यातून आलेली बॉडी असेल तर तो आकडा फार पुढे गेलेला असतो. आणि ज्याला पक्ष्यांचे फोटो काढायचेत, धावत्या मुलांच्या डोळ्यांवर फोकस धरायचाय, व्हिडिओ हेच मुख्य काम आहे, त्याने एएफ-डी लेन्सेस विकून मिररलेसकडे जावं, हे मी तितक्याच ठामपणे सांगेन. त्याची गरजच अशी आहे की जुनी काच तिला साथ देत नाही.

तिसरा मुद्दा आक्षेपापेक्षा मोह म्हणावा असा आहे. झेड६ सारख्या बॉडीत सेन्सरच स्थिर ठेवणारी यंत्रणा असते. जिच्यात हात हलल्याची भरपाई करायची कुठलीही सोय नव्हती त्या ५० एफ/१.८डीला ती आयती मिळते. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि उजेड अत्यंत मंद. भिंतीवरचं चित्र हलत नाही, म्हणून हाताने सावकाश फोकस करायला वेळ मिळतो आणि शटर मंद ठेवता येतं. अशा कामासाठी ऑटोफोकस गमावून स्थिरता मिळवणं हा उत्तम सौदा आहे. शिल्पं, मंदिरं, जुने वाडे, टेबलावरच्या वस्तू, निसर्गदृश्यं काढणाऱ्यांनी तो जरूर विचारात घ्यावा. पण समोरची गोष्ट हलत असेल तर सेन्सर स्थिर राहून उपयोग नाही. मांडवात फिरणाऱ्या नवरीचा चेहरा मंद शटरवर पुसटच येणार, आणि हाताने फोकस होईपर्यंत तो क्षण निघून गेलेला असणार.

हा सगळा हिशेब लेन्स निरोगी आहे असं धरून केला. आपल्या हवेत ते गृहीत धरता येत नाही. कोकणात आणि मुंबईत जूनपासून चार महिने हवेत जो दमटपणा असतो, त्याच्यात कपाटातल्या चामडी पिशवीत राहिलेल्या लेन्सला बुरशी न लागली तर नवल. म्हणून बॉडीचे पैसे देण्याआधी प्रत्येक लेन्स अंधाऱ्या खोलीत न्यावी, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावं, मागून तिरक्या कोनात टॉर्च धरावा आणि पुढून बघावं. धुळीचे दोन-चार कण दिसले तर घाबरू नये, फोटोत ते कधी येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. ती बाहेरच्या काचेवर, नवी असेल तर साफ होते. आतल्या काचेवर वर्षानुवर्षं राहिली असेल तर तिच्या आम्लाने काचेवरचा थर खाल्लेला असतो आणि साफ केल्यावरही तिथे कायमचा ओरखडा राहतो. सगळीकडे सारखा धुरकटपणा दिसला तर तो तेलाची वाफ बसल्याचा. अशा लेन्सने उजेडाकडे तोंड करून काढलेला फोटो निस्तेज येतो. पाती हळू बंद होत असतील तर त्यांच्यावर तेल आलेलं आहे. चारपैकी दोन लेन्सेस अशा निघाल्या, तर त्यांच्यासाठी खास बॉडी शोधण्याचं कारणच उरत नाही. ज्या चांगल्या निघतील त्या साध्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसह किंवा ड्राय कॅबिनेटमध्ये, ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवाव्यात. चामडी पिशवी मात्र फेकून द्यावी. तीच ओल धरून ठेवते.

आणि दुकानात जाताना लेन्सेस बरोबर न्याव्यात. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा आपल्या गावातल्या ओळखीच्या दुकानात वापरलेली बॉडी हातात आली, की आपलीच लेन्स तिच्यावर बसवून बघावी. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, कॅमेरा टेबलावर टेकवून, छापील मजकुराच्या तिरक्या ठेवलेल्या कागदावर एका ठरलेल्या ओळीवर फोकस करून पाच-सहा फोटो काढावेत. दर वेळी फोकस ठरलेल्या ओळीच्या पुढे किंवा दर वेळी मागे जात असेल, तर बॉडी परत करायची घाई करू नये. डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर वेगळा असल्यामुळे असा फरक पडतो आणि डी७२००च्या मेनूत तो प्रत्येक लेन्ससाठी वेगळा दुरुस्त करता येतो. डी९०मध्ये ही सोय नव्हती. वर्षानुवर्षं 'जरा मऊच' म्हणून बाजूला पडलेली एखादी ८५ मिलिमीटर या दुरुस्तीनंतर नीट स्पष्ट दिसायला लागू शकते. फोकस मात्र कधी पुढे, कधी मागे असा भटकत असेल, तर दोष लेन्समध्ये आहे की बॉडीत, हे ठरवायला दुसरी लेन्स लावून तोच प्रयोग तिथल्या तिथे पुन्हा करावा. दोन्ही लेन्सेसवर भटकत असेल, तर ती बॉडी तिथेच ठेवून दुसरी मागावी.